‘पाणी जिरवा’ हे उतारावर चालत नाही

#धागा #इतिहास

१.
माळीण, २०१४. तळिये, २०२१. इर्शाळवाडी, २०२३. या तिन्ही नावांनंतर भाषणांत, अग्रलेखांत आणि शोकसंदेशांत एकच वाक्य फिरत राहिले : निसर्गाच्या कोपापुढे कोणाचे काय चालते? प्रस्तुत धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे. ते वाक्य शोकाच्या क्षणी क्षम्य असेलही. परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही, आणि पुढल्या आषाढात ते पुन्हा माणसे मारते.

२.
माझे म्हणणे थोडक्यात असे. उतार कोसळतो तो आभाळातून पडणाऱ्या पाण्यामुळे कमी आणि पोटात अडकून पडलेल्या पाण्यामुळे अधिक. ते पाणी बाहेर काढण्याची विद्या जुनी आहे, स्वस्त आहे आणि आपल्या मातीत रुजलेलीही होती. तरीही महाराष्ट्राने तिला कधी सार्वजनिक प्रतिष्ठा दिली नाही. कारण आपली पाण्याविषयीची सारी स्मृती दुष्काळाची आहे.

३.
हे एका यवतमाळकराने लिहावे याचे काहींना नवल वाटेल. वणी तालुक्यातील आमच्या राजूरला सह्याद्री नाही. आहेत त्या चुनाभट्ट्या, जुनी भूमिगत कोळसा खाण, आणि पंचक्रोशीत उकणी, जुनाड, कोलारपिंपरी अशा खुल्या खाणी. परंतु जिथे खुली खाण आहे तिथे माणसाने रचलेला डोंगरही आहे. कोळशावरची माती व खडक उपसून जे ढिगारे उभे राहतात, ज्यांना खाणीत सगळे ‘ओबी’ म्हणतात, ते आमचे डोंगर. उताराचा नियम त्यांनाही चुकत नाही.

४.
प्रथम विज्ञान, कारण त्यावाचून पुढचा इतिहास कळणार नाही. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. कोरडी माती ढासळते. किंचित ओलसर माती बुरुजासारखी उभी राहते. त्याच बुरुजावर घागरभर पाणी ओतले तर तो बसतो. उतार तोलून धरते ते कणाकणांमधील घर्षण. फटींमध्ये पाणी पूर्ण भरले की ते कणांना एकमेकांपासून लोटू लागते. डोंगराचे वजन वाढते आणि पकड मात्र सुटते.

५.
कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२५ साली मृदायांत्रिकीवरील आपल्या ग्रंथात या गोष्टीला शास्त्राचे रूप दिले. त्याचा सिद्धांत सोप्या शब्दांत असा : एकूण भारातून पाण्याचा दाब वजा करा, जे उरेल तेवढ्यानेच माती एकमेकींना धरून असते. त्याच्याही आधी, १८४६ साली, अलेक्झांडर कोलँ या फ्रेंच अभियंत्याने चिकणमातीच्या उतारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून पाण्याच्या भूमिकेकडे लक्ष वेधले होते. तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडी सुरू व्हायला सात वर्षे होती. म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब निदान विसाव्या शतकात तरी कोणालाच उपलब्ध नव्हती.

६.
मग उपाय कोणता? चार ठिकाणी पाण्याला वाट द्यायची. माथ्यावर : उताराच्या कडेपासून मागे, आडवी चर खणून वरून येणारे पाणी बाजूच्या ओढ्यात वळवायचे. अंगावर : पायऱ्यांना योग्य ढाळ आणि नाली द्यायची, भेगा बुजवायच्या. पोटात : बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ढाळ ठेवून आडवी भोके पाडायची आणि त्यांत छिद्रांचे पाईप बसवायचे, म्हणजे आतले पाणी आपल्याच वजनाने थेंब थेंब बाहेर येते. पायथ्याशी : दगडगोट्यांनी भरलेली चर, आणि भिंत बांधलीच तर तिला पाणी जायला भोके.

७.
यात परदेशी असे काही नाही. कोकणातला गडगा पाहा. चुना-सिमेंटावाचून दगडावर दगड रचलेला तो बांध मातीला धरतो आणि पाण्याला सोडतो. गडांच्या तटांना पायथ्याशी मोऱ्या ठेवलेल्या आढळतात; आतले पाणी तटावर रेटू लागले तर तट फुगून फुटेल, हे बांधणाऱ्यांना पक्के माहीत होते. कान्हेरीच्या डोंगरात कातळ कोरणाऱ्यांनी लेण्यांसोबत पाण्याच्या चरी आणि टाक्या कोरल्या. साठवायचे पाणी कोणते आणि वाहू द्यायचे कोणते, हा विवेक त्या कातळात आजही वाचता येतो.

८.
हा विवेक सुटला कसा? येथे १९७२ च्या दुष्काळाकडे जावे लागते. त्या दुष्काळाने आधुनिक महाराष्ट्राची जलदृष्टी घडवली. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. लाखो हातांनी नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले, डोंगरउतारांवर सलग समतल चर काढले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतींवरून मनांवर उमटली. यवतमाळसारख्या जिल्ह्यात राहून त्या घोषणेची थट्टा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. विहिरीला पाणी राहणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

९.
परंतु घोषणा भूगोल पाहत नसते. यवतमाळला वर्षभरात साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २२-२३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. आमच्या अर्ध्याहून अधिक वर्षाचा पाऊस एका दिवसात! पठारावरचा समतल चर पाणी धरून जमिनीला देतो, ते पुण्यकर्म आहे. तोच चर खचू पाहणाऱ्या तीव्र उताराच्या माथ्यावर काढला, तर तो डोंगराच्या पोटात पाणी भरण्याची व्यवस्था होतो. दोन्ही ठिकाणी कुदळ तीच असते. फरक असतो तो चरीचे तोंड उघडे आहे की बंद, एवढाच.

१०.
माळीण पाहू. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील हे आदिवासी गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे चर्चा रंगली ती ‘पडकई’वर. पडकई म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरे करण्यासाठी गावाने मिळून केलेले काम. महादेव कोळ्यांची ही जुनी सामूहिक रीत. काहींनी सारा दोष तिच्यावर टाकला. हा न्याय मला मान्य नाही. खाचर पिढ्यान्‌पिढ्या होते. त्याच्या बांधातून जादा पाणी सोडायची वाटही होती. प्रश्न विचारायचा तो हा : उतार बदलला तेव्हा पाण्याच्या वाटेचा विचार कोणी, कुठे, कोणत्या कागदावर केला?

११.
पुनर्वसनाची कथा त्याहून बोलकी आहे. नवे माळीण आमडे येथे उतार कापून व भराव घालून वसवण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये घरे सुपूर्द झाली. आणि पहिल्याच पावसात, त्याच जूनमध्ये, भराव खचल्याच्या, रस्त्यांना भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. भूस्खलनात सर्वस्व गमावलेल्या माणसांना पुन्हा पावसाच्या आवाजाने जागे राहावे लागावे, यापरती विटंबना कोणती? घर, शाळा, समाजमंदिर हे सारे छायाचित्रात दिसते. भरावाच्या पोटातली पाण्याची वाट छायाचित्रात दिसत नाही.

१२.
आणखी एक योगायोग नोंदवून ठेवतो. ज्या वर्षी जुलैत माळीण गेले, त्याच वर्षी डिसेंबरात ‘जलयुक्त शिवार’ची घोषणा झाली. त्या योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पाणी अडवण्यासाठी गावोगाव फलक लागले, श्रमदाने झाली, स्पर्धा झाल्या. सह्याद्रीच्या उतारांतून पाणी काढण्यासाठी त्याच तोलाची घोषणा, त्याच तोलाचे श्रमदान, त्याच तोलाचा फलक आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? चर साफ करणाऱ्याला कोणी सरपंचाच्या हस्ते शाल-श्रीफळ दिले आहे काय?

१३.
असे नाही की या राज्यात कोणालाच हे जमले नाही. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८६१ मध्ये तिथे राबणाऱ्यांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. पंचवीस बोगदे आणि असंख्य कटिंगे. असा मार्ग दीड शतकाहून अधिक काळ चालू राहतो तो मूळ बांधकामाइतकाच देखभालीच्या जोरावर. कटिंगच्या माथ्यावर अडवचर, रुळालगत नाली, पावसाळ्यापूर्वी दोन्हींची सफाई आणि पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त, ही रेल्वेची शिस्त आहे. तिचा नायक इंजिनिअर कमी आणि कंदील घेऊन चालणारा गँगमन अधिक. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याचे नाव असते, दुसऱ्याचे नसते.

१४.
कोकण रेल्वेनेही किंमत मोजून हा धडा घेतला. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतार सौम्य केले गेले, जाळ्या बसवल्या, चरींकडे लक्ष दिले गेले आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग आवरण्यात आला. तात्पर्य असे की ज्या संस्थेला उताराखालून रोज जावे लागते, ती उतार वाचायला शिकते. ज्या यंत्रणेला उताराखाली फक्त शोकसभेसाठी जावे लागते, ती शिकत नाही.

१५.
आता आमच्या ढिगाऱ्यांकडे येतो, आणि त्यासाठी वेल्समधील एका खाणगावाकडे. अ‍ॅबरफॅन, २१ ऑक्टोबर १९६६, सकाळचे सव्वानऊ. गावावरच्या डोंगरावर रचलेला कोळसा खाणीचा सात क्रमांकाचा ढिगारा पावसानंतर पातळ होऊन खाली आला आणि शाळेवर कोसळला. ११६ मुले आणि २८ प्रौढ, एकूण १४४ जीव गेले. ढिगारा उभा होता तो झऱ्यांवर.

१६.
तेथेही पहिला बचाव निसर्गाचाच होता. नॅशनल कोल बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की ढिगाऱ्याखालचे झरे अज्ञात होते. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणाने ते मानले नाही. झरे नकाशावर होते. गावकऱ्यांना ते ठाऊक होते. १९६७ च्या अहवालाने दोष कोल बोर्डावर ठेवला आणि १९६९ साली ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. गावाला ठाऊक असलेले पाणी कचेरीला ‘अज्ञात’ असते, हे वाक्य मी वेल्सविषयी लिहीत आहे. वाचकांनी ते आपापल्या गावी लावून पाहावे.

१७.
वर्धा खोऱ्यातील कोळशावर भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाच्या थिओडोर ह्यूझ यांनी १८७७ साली सविस्तर ग्रंथ लिहिला. म्हणजे या भूमीखाली काय आहे याचा अभ्यास जवळपास दीडशे वर्षांचा आहे. वर काय आहे ते शेतकऱ्याला त्याआधीपासून ठाऊक आहे : काळी कपाशीची जमीन, जी पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. ढिगारा रचताना हीच माती खडकात मिसळली, किंवा तिच्यावरच ढिगारा उभा केला, तर पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट पोटात जाते आणि चिकणमातीच्या थरावर साचते. घसरायला याहून सोयीची बैठक नाही.

१८.
नियम नाहीत असे नाही. कोळसा खाण विनियमांनुसार ढिगाऱ्याचा उतार साडेसदतीस अंशांहून तीव्र असू नये, तीस मीटरहून उंच ढिगाऱ्याला टप्पे असावेत, पायथा सार्वजनिक रस्त्यापासून वा इमारतीपासून शंभर मीटर दूर असावा. पर्यावरणीय मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याभोवती चर, ज्याला खाणीत ‘गारलँड ड्रेन’ म्हणतात, आणि पायथ्याची भिंतही येते. कोन, उंची आणि अंतर टेपने मोजता येते. चर मात्र खणल्याच्या दिवशी कागदावर चर असते; दोन पावसाळ्यांनी गाळ भरला की ती एक लांबट डबके होते. आणि डबके म्हणजे पुन्हा ‘पाणी जिरवा’.

१९.
गंमत अशी की पाण्याला खाणीइतके कोणी ओळखत नाही. भूमिगत खाणीत पंपखलाशाचे काम एका पाळीलाही थांबत नाही. २७ डिसेंबर १९७५ च्या चासनाला दुर्घटनेत खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले, तेव्हापासून तर खाणीतल्या पाण्याची धास्ती देशाने घेतली. जमिनीखालच्या पाण्यासाठी खलाशी आहे, पंप आहे, नोंदवही आहे. त्याच खाणीने जमिनीवर रचलेल्या डोंगरातल्या पाण्यासाठी तितकीच जागती व्यवस्था का असू नये? २४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी खुल्या खाणीत उतार कोसळून दहा जण गेले. तारीख पुन्हा वाचावी : जूनचा चौथा आठवडा.

२०.
आता आक्षेप. ‘एका दिवसात सहाशे मिलिमीटर पडला तर कोणती नाली पुरणार?’ उत्तर : नालीने सारा पाऊस गिळावा अशी अपेक्षाच नाही. पोटात जाणारा वाटा कमी करणे आणि आत गेलेल्याला बाहेर काढणे, एवढेच तिचे काम. कित्येकदा उतार टिकणे आणि कोसळणे यांतले अंतर तेवढेच असते. दुसरा आक्षेप : ‘प्रत्येक उतार पाण्याने कोसळत नाही.’ मान्य. झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा कोसळून २३ जण गेले, तेव्हा पावसाळा नव्हता. उताराचा कोन, भार आणि खणण्याची पद्धत यांचाही हिशेब द्यावाच लागतो.

२१.
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. तशा उंच, दुर्गम, नैसर्गिक कड्याखाली चर खणून भागत नाही. तिथे वस्ती हलवणे हाच मार्ग. हे मी नाकारत नाही. मात्र हलवलेली वस्तीही कुठल्या तरी उतारावरच बसते, हे नव्या माळीणने दाखवले. शिवाय चुकीची नाली नालीच नसण्याहून वाईट : तडा गेलेली काँक्रीटची नाली सारे पाणी गोळा करून नेमके एका जागी उताराच्या पोटात सोडते. म्हणून मागणी केवळ नालीची नाही, तिच्या राखणदाराची आहे.

२२.
हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हाँगकाँग पाहावे. १८ जून १९७२ या एकाच दिवशी साऊ माऊ पिंग आणि पो शान रोड येथे उतार कोसळून १३८ माणसे गेली. १९७६ मध्ये साऊ माऊ पिंगलाच पुन्हा १८. त्यानंतर १९७७ साली उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. आज तिथे मानवनिर्मित सुमारे साठ हजार उतारांची नोंद आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे, प्रत्येकाची देखभाल कोणाकडे ते ठरलेले आहे. पो शानच्या डोंगरात तर पाणी काढण्यासाठी भुयारेच खोदली गेली. लक्षात घ्या, तोही १९७२ चाच धडा. त्या वर्षी आपण पाणी धरायला शिकलो, ते पाणी सोडायला शिकले. आपल्याला दोन्ही धडे हवे आहेत.

२३.
म्हणून मागण्या तीनच, आणि तिन्हींना विज्ञानाची पदवी लागत नाही. एक : वस्तीवरच्या प्रत्येक कापलेल्या, भरलेल्या वा रचलेल्या उताराची ग्रामपंचायतीत नोंद हवी, त्यात खाणीचे ढिगारेही आले. दोन : दर वर्षी मे अखेरीस कोणती चर कोणी साफ केली, कोणती भोके बुजलेली आढळली, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. तीन : गावाला ठाऊक असलेले झरे, ओघळ आणि पाझर काम सुरू होण्यापूर्वी नकाशावर यावेत, म्हणजे नंतर कोणाला ते ‘अज्ञात’ म्हणता येणार नाहीत.

२४.
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून शेवटचे सांगतो. आपत्तींची आपली बखर नेहमी पावसापासून सुरू होते : अमुक तारखेला मुसळधार पाऊस झाला आणि डोंगर कोसळला. ती बखर मे महिन्यापासून लिहायला हवी. मे महिन्यात चरीत गाळ होता की नव्हता, भिंतीच्या भोकांत गवत उगवले होते की नव्हते, आणि ते काढायचे काम कोणाच्या नावावर होते. ही नोंद ज्या दिवशी दप्तरात येईल, त्या दिवसापासून ‘निसर्गाचा कोप’ हा शब्द जबाबदारीने वापरावा लागेल.

धागा पटला तर आपल्या ग्रामपंचायत सदस्यापर्यंत पोहोचवा. पाऊस सुरू होण्याआधी पोहोचवा.